भाईंची ती

भाई तोरसकरांचं लग्न झालेलं नव्हतं, तरी "तुमची ती कशी आसा?" हा प्रश्न मालवणच्या मेढा भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना रोज कोणी ना कोणी विचारायचंच. विचारणाऱ्याचा चेहरा गंभीर असायचा आणि भाईही तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे. "आडवी आसा अजून. पण काल जरा पेज पोटात गेली." नवख्या माणसाला वाटायचं, घरात कोणी बाई अंथरुणाला खिळलेली आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. सर्वनाम कानावर पडलं की त्याच्यामागचं नाम हुडकायची खोड काही सुटत नाही. भाईंच्या ‘ती’मागचं नाम निघालं अर्थव्यवस्था. तीही साधीसुधी नव्हे, अख्ख्या देशाची.

भाई मुंबईत एका मोठ्या बँकेच्या संशोधन विभागात होते. पुढच्या वर्षी देशाचा व्यापारउदीम वाढेल की घटेल, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. "म्हणजे हवामान खात्याचा गरीब भाऊ," असं ते स्वतःबद्दल सांगायचे. "त्यांना निदान ढग तरी दिसतात." निवृत्त झाल्यावर घराची कौलं शाकारून घ्यायला म्हणून ते मालवणात आले आणि टाळेबंदी लागली. कौलं शाकारून झाली, टाळेबंदी उठली, पुन्हा लागली, भाई काही परत गेले नाहीत. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्या गडग्यावर त्यांचे आणि माझे पेपर इकडून तिकडे जात. मी कोडं सोडवलेला पेपर त्यांना चालत नसे, आणि त्यांनी लाल पेनाने खुणा केलेला मला.

उंच, हाडकुळा माणूस. घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती त्या दिवसांतही इस्त्रीचा शर्ट घालून ते व्हरांड्यात बसायचे. रेडिओवर बातम्या लागल्या की उभं राहून ऐकायचे. मी एकदा विचारलं, उभं कशाला राहता? तर म्हणाले, "आमच्या खात्यात वाईट बातमी बसून ऐकली की साहेब रागवायचे. सवय." हे खरं की थाप, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या मराठीत एक गंमत होती. ते ‘होईल’ असं कधी म्हणायचेच नाहीत. ‘होण्याचा संभव आहे’, ‘तूर्त तरी असं दिसतं’, ‘बहुधा’. चहात साखर पुरेशी आहे का विचारलं तरी ‘बहुधा’. मला चीड यायची. मी म्हणायचे, अहो, जीभ तुमची, साखर तुमची, त्यात कसला संभव? पण हेच भाई मालवणी बोलायला लागले की निराळे व्हायचे. मालवणीत ‘होण्याचा संभव आहे’ कोण म्हणणार? तिथे एक तर ‘होतला’, नाहीतर ‘होवचा नाय’. मुंबईत सगळा जन्म काढलेल्या या सावध माणसाच्या तोंडून मालवणीत अशी ठाम वाक्यं निघायची की ऐकणाऱ्याला वाटावं, याने आत जाऊन बघितलंय. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तिच्यातून पुढे काय निघणार आहे ते मात्र कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

‘ती’ हे नाव पाडलं शेवंतीनं. शेवंती आमच्याकडे मासे घेऊन यायची. तिचा नवरा पांडू रापणीवर जायचा, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोरानं ओढून काढायचं ते लांबलचक जाळं. पांडू मुखदुर्बळ, आणि त्याच्या वाटणीचं बोलणंही शेवंतीच बोलायची. बाजार बंद होता तेव्हा ती सकाळी लवकर, पदराखाली टोपली झाकून गल्लीत यायची. अशाच एका सकाळी भाई व्हरांड्यात फोनवर कोणा जुन्या सहकाऱ्याशी बोलत होते. "नाही हो, ती आता लवकर उठत नाही. निदान वर्षभर तरी नाही." शेवंती फाटकात थबकली.

"कोण ओ भाईनू? कोण उठणा नाय?"

भाईंनी तिला समजावून सांगितलं. कारखाने बंद, गाड्या बंद, हॉटेलं बंद, माणसं घरात. तेव्हा देशाचा सगळा धंदापाणी म्हणजे अर्थव्यवस्था, ती पडलीय. शेवंती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. "मगे ती तुमचीच म्हणा. तुमी सोडून तिची चौकशी करता कोण?"

त्या दिवसापासून फाटकात तिची हाक यायची ती "बांगडे व्हये काय?" अशी नाही, तर "भाईनू, तुमची ती कशी आसा?" अशी. भाई गडग्यावर रिकामी पितळी काढून ठेवायचे, ती त्यात तिच्या मनाला येईल ते टाकायची, आणि दोघांचं बोलणं चालायचं. ती दमल्या. तिका ताप आसा. तिचा मन लागणा नाय. अर्थशास्त्र शिकवण्याची ही पद्धत मला पसंत नव्हती, पण ऐकायला मी रोज गडग्याशी असायचेच. सगळी गल्ली धास्तावलेली असताना ही दोघं मात्र एका न दिसणाऱ्या बाईच्या दुखण्याची अशी आस्थेनं विचारपूस करायची, की ऐकून मला बरं वाटायचं.

एकदा भाईंनी मला कोडं घातलं. मंदीतून वर येण्याच्या तऱ्हांना इंग्रजीत अक्षरांची नावं देतात म्हणे. पडली आणि लगेच वर आली तर व्ही. तळाशी जरा लोळून वर आली तर यू. "बाई, देवनागरीत यांना काय म्हणावं?" मी म्हटलं, व्ही आपल्याकडे मिळणार नाही. आपली अक्षरं खाली गेली की वळसा घेतल्याशिवाय वर येत नाहीत. यू पाहिजे तर प घ्या. भाई खूश झाले. मग म्हणाले, "आणि के? काही वर जातात, काही खालीच राहतात, त्याला के म्हणतात." मी म्हटलं, त्याला आपला क आहेच की. दांडी एकच. एका बाजूला भरलेलं गोल पोट, दुसऱ्या बाजूला लोंबणारा हात. भाईंनी लाल पेनाने पेपराच्या कडेला एक क काढला आणि खोडला. "क नको सांगायला," शेवटी म्हणाले. "लोक आधीच घाबरलेत. प सांगू."

आणि त्यांनी प सांगितला. गावातल्या केबलवाल्यानं करोनानंतर काय होणार अशा विषयावर त्यांची मुलाखत घेतली. भाईंनी टिपणं काढली होती, टिपणांत ‘बहुधा’ आणि ‘संभव’ जागच्या जागी होते. पण तो पोरगेला माणूस ऐन वेळी म्हणाला, भाई, मालवणीत बोला, लोकांका समजाक व्हया. मग काय, टिपणं बाजूला राहिली आणि भाई पडद्यावरून साऱ्या गावाला सांगून गेले, "ती पडल्या ह्या खरा. पण ती उठतली. वाईच येळ लागतलो, पण पयल्यासारखी उठतली." दुसऱ्या दिवशी शेवंती विचारत आली, "प म्हंजे पडली मा ओ?" गल्ली हसली. भाईही हसले. घराघरांतल्या माणसांच्या मनात मात्र एवढंच पक्कं बसलं, की करोनावर टीव्हीत बोलणारा एक शिकलेला माणूस आपल्या मेढ्यात राहतो.

मग दुसरी लाट आली. त्या दिवसांबद्दल फार लिहिवत नाही. पहिल्या खेपेला आजार बातम्यांत होता, या खेपेला गल्लीत शिरला. आणि माणसं तो लपवायला लागली. कळलं तर घरावर कागद चिकटवतील, गल्ली बंद करतील, आणि मासेवाल्या घरातलं कळलं तर त्या घरचा मासा पुन्हा कोण घेईल? शेवंती यायची बंद झाली. मी पांडूला लांबून विचारलं, तर म्हणाला, "भयणीकडे गेल्या." मी विश्वास ठेवला. भाईंनीही ठेवला.

ती घरातच होती. दम लागत होता. तिचा भाचा सावंतवाडीहून गाडी घेऊन आला होता, गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हणून अडून बसला होता. पांडूचा पाय निघत नव्हता. इथून उचलून नेलेली माणसं परत आलेली त्याने पाहिली नव्हती. कोणाला तरी विचारावं असं त्याला वाटलं. शिकलेलं माणूस, करोनातलं कळणारं, आणि बाहेर बोंब न करणारं. असा एकच माणूस त्याला सुचला.

तो दुपारचा आला. तोंडावर दोन पदरी फडकं, गडग्यापासून चांगला दहा हात लांब उभा. आता हे लक्षात घ्या की पांडूच्या पिढीतला पुरुष बायकोचं नाव तोंडानं घेत नाही. ‘घरात’ म्हणतो, ‘ती’ म्हणतो, नाहीतर नुसत्या क्रियापदावर भागवतो. त्यातून आजाराचंही नाव घ्यायचं नव्हतं. पुढे भाईंनी मला ते बोलणं शब्दाला शब्द सांगितलं आणि पांडूच्या तोंडूनही मी ते ऐकलं. दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचा फरक नव्हता.

"भाईनू, उठतली मा ओ ती?"

भाईंना वाटलं, शेवंती बहिणीकडे आहे, तेव्हा तिच्या बदली आज नवऱ्यानं मस्करी केली. मुका माणूस बोलला याचंच त्यांना कौतुक वाटलं. आणि खरं म्हणजे त्या दिवसांत सगळे हेच विचारत होते.

"उठतली रे. येळ लागतलो, पण उठतली."

"घाई करू नको म्हणतास?"

भाई त्या आठवड्यात हाच विचार करत होते, की सगळं लवकर उघडलं तर पुन्हा बंद करावं लागेल. "अजिबात घाई नको," ते म्हणाले. "पडलेल्याक घाईन उठवूक गेल्यार परत पडता. तिच्या कलान घेवक व्हया."

"बरा," म्हणून पांडू गेला. भाचा गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसला होता, त्याला त्याने परत पाठवून दिलं.

दोन दिवसांनी भाच्याला पुन्हा बोलवायची पाळी आली. कुडाळ मागे पडलं, सावंतवाडी मागे पडली. इन्सुलीला, गोव्याच्या हद्दीवरचा तपासणी नाका समोर दिसत असताना, मागच्या सीटवर पांडूच्या मांडीवर शेवंती गेली. तिथूनच गाडी वळवली.

आम्हाला कळलं ते एवढंच, की शेवंती गेली. भाई दोन दिवस व्हरांड्यात आले नाहीत. मग त्यांनी सकाळी गडग्यावर पितळी काढून ठेवली. मला वाटलं, सवयीनं ठेवली असेल. दुसऱ्या दिवशीही ठेवली, तिसऱ्याही. पितळीत पाऊस साचायचा, मांजरं वास घेऊन जायची. मी ती उचलली नाही. दुःख करायची ज्याची त्याची रीत असते, आणि मलाही फाटकाकडे बघवत नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला तसा पांडू एका सकाळी स्वतः आला. शेवंतीचीच टोपली, पण पुरुषाच्या खांद्यावर. मी पेपर द्यायला भाईंच्या व्हरांड्यात गेलेले होते. पांडूनं पितळीतलं पाणी ओतून टाकलं, तिच्यात चार सौंदाळे ठेवले आणि फाटकाबाहेरच उकिडवा बसला. मग त्याच्या मानानं तो पुष्कळच बोलला.

"भाईनू, तुमचे उपकार आसत. त्या दिसा तुमी उठतली म्हटल्यात. मी घराक जावन तिका सांगलंय, भाई म्हणतत तू उठतलंस. हसली. म्हणाली, भाईंका सगळा समाजता. दोन राती बरी निजली. मी गाडी परत धाडलंय ता बराच केलंय. नायतर तिचे ते दोन दिस परक्यांत गेले असते."

भाईंच्या हातात माझा पेपर होता. तो हलला नाही, खाली पडला नाही, काही नाही. ते फक्त म्हणाले, "कुठली गाडी?" मराठीत म्हणाले. पांडूनं सांगितली. दम लागला होता ते सांगितलं, भाचा अडून बसला होता ते सांगितलं, इन्सुलीचं सांगितलं. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट, आपण जाणत्याला विचारून केलं, याचं समाधान त्याच्या बोलण्यात होतं. तेवढंच त्याच्याजवळ उरलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

तो गेल्यावर भाईंनी मला सगळं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, यात तुमचा काही दोष नाही. ते खरंही होतं. पण ज्याला सांगायचं त्याला ते पोचत नव्हतं.

त्यानंतर भाई मालवणी बोलेनासे झाले. दुधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सगळ्यांशी पुस्तकी मराठी. आणि वाक्य कसं? कर्त्यासकट, कर्मासकट, पूर्णविरामापर्यंत. "मी आज दूध घेणार नाही." "माझी प्रकृती ठीक आहे." रिक्षावाल्यानं नुसतं "येतली काय ओ?" म्हटलं, तर भाई विचारायचे, "काय येईल? रिक्षा, पावसाची सर की लाईट? नाव घेऊन विचार." लोकांना वाटलं, म्हातारा वयानं तिरसट झाला. जन्मभर मी मुलांना शिकवत आले, की मराठीत कर्ता बोलला नाही तरी चालतो, ऐकणारा तो समजून घेतो. अध्याहृत कर्ता. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असायचा. भाईंची ती वाक्यं ऐकली की मला माझ्याच विषयाची भीती वाटायची.

सकाळी शेवंतीच्या यायच्या वेळेला ते आता व्हरांड्यात बसत नसत. आतल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसत. एकदा भर दुपारी मी गडग्याशी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्यांचा आवाज आला. हळू, अगदी समजुतीचा. "नाय गो. तुज्याबद्दल नाय होता ता." तिकडे बघितलं तर फाटकात कोणी नव्हतं. भाई फाटकाकडे तोंड करून उभे होते आणि मला पाहून ओशाळले. "बाई, हाक ऐकू येते," म्हणाले. "तीच हाक. तुमची ती कशी आसा. उत्तर दिलं नाही तर पुन्हा येते." मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण त्या दिवशी कपडे तसेच बादलीत टाकून मी घरात गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "दोन दिवस आधी नेली असती तर?"

"ते कोणी सांगू शकत नाही," मी म्हटलं.

"सांगू शकतो," भाई म्हणाले. "वय, दम, इस्पितळ किती लांब, सगळं मांडून संभव किती ते टक्क्यांत सांगता येतं. तेच वाईट आहे. माझं डोकं ते मांडायचं थांबत नाही." आकडा किती निघतो ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांच्या मनात एकच घोळत होतं, पांडूला खरं सांगावं. मी कडकडून विरोध केला. तो त्या एका शब्दावर जगतोय, म्हटलं. तिला दोन राती झोप लागली त्या शब्दानं. तुमच्या मनाचं ओझं हलकं करायला तुम्ही ते त्याच्या डोक्यावर ठेवणार? कबुली देऊन मोकळं व्हायची ही शिकलेल्यांची चैन आहे. भाई ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बाई, तो दर आठवड्याला मासे आणून देतो. उपकाराचे. ते माझ्या घशाखाली उतरत नाहीत." मग मासे मीच नेऊन शिजवायचे आणि त्यांच्या घरी वरणभात पाठवायचे.

असं बरेच महिने चाललं. मधल्या काळात मालवणात पर्यटक परत आले, किल्ल्याच्या होड्या भरून जायला लागल्या, भरडाच्या नाक्यावर गाड्यांना जागा मिळेना. नवी हॉटेलं झाली. काही जुन्या खानावळी उघडल्याच नाहीत, पण त्यांच्या जागी दुसऱ्याचे बोर्ड लागले, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. मी मनात म्हणायचे, हा क.

आणि एका सकाळी पेपरात आलं, की देशाची अर्थव्यवस्था साथीच्या आधी होती त्या जागी परत आली, आता तिथून पुढे चाललीय. भाईंनी मुलाखतीत सांगितलं होतं अगदी तसंच, वेळ घेऊन, पण पहिल्यासारखी. तो केबलवाला हौसेनं कॅमेरा घेऊन आला. त्याच्यामागून चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे आले. "भाई, तुमची ती उठली ओ," एकजण म्हणाला. "सांगल्यात तशीच उठली." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जन्मभर अंदाज बांधलेल्या माणसाला म्हातारपणी एवढा तंतोतंत खरा ठरलेला अंदाज मिळाला, तर त्यानं पेढे वाटायचे. भाईंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला, अगदी सभ्यपणे, आणि म्हणाले, "मला आज बोलायचं नाही." मग गडग्यावरून मला म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर दांडीच्या किनाऱ्यावर चला, पांडूच्या रापणीशी. एकटा गेलो तर वाटेतून परत फिरेन."

का जायचं ते मी विचारलं नाही. कळलं होतं. अजूनही मला वाटतं, मी त्यांना अडवायला हवं होतं, आणि अजूनही मला वाटतं, ते अडले नसते. यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांची भाची येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि पावसाळ्यात ते तिथेच वारले. पण निघाले त्या दिवशी ते गाडीत मान खाली घालून बसलेले होते, ते बघणं मी धरत नाही. भाईंना मी शेवटचं पाहिलं ते दांडीला.

रापण ओढायचं काम चाललं होतं. पंधरावीस माणसं दोराला लागलेली, पांडू मधे कुठेतरी. भाईंना चपला घालून वाळूत चालता येईना, म्हणून त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. पांडूनं पाहिलं आणि दोर दुसऱ्याकडे देऊन आला. त्याला आनंदच झाला होता. भाई कधी किनाऱ्यावर यायचे नाहीत.

"पांडू," भाई म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मालवणीत म्हणाले, "त्या दिसा तू इचारलंस, आणि मी उठतली म्हटलंय. ता मी शेवंतीबद्दल बोलत नाय होतंय. शेवंती दुखणाईत आसा ह्या माका म्हायतच नाय होता."

पांडूला आधी कळलं नाही. मग कळलं. चेहऱ्यावर राग आला नाही. मी रागाची वाट बघत होते, आला असता तर बरं झालं असतं.

"मगे कोणाबद्दल बोलत होतात?"

"देशाबद्दल. देशाच्या धंद्यापाण्याबद्दल. शेवंती रोज मस्करी करी ना, तुमची ती कशी आसा म्हणान? माका वाटला, तूय तीच मस्करी करतंस."

पांडूनं हाताला लागलेली ओली वाळू झटकली. मागून दोरावरच्या कोणीतरी त्याला हाक मारली.

"आणि देश उठलो?" त्यानं विचारलं.

"उठलो. आजच पेपरात इला."

"बरा झाला," पांडू म्हणाला. टोमणा नव्हता तो. खरोखर कोणाचं तरी दुखणं सरल्याचं ऐकून म्हणावं तसंच तो म्हणाला. मग वळला आणि दोराकडे निघाला. चार पावलांवर थांबला. मागे वळून न बघताच बोलला, त्यामुळे मला नीट कळायला जरा वेळ लागला.

"म्हंजे भाईनू, तिच्याबद्दल कोणीच म्हटला नाय होता, उठतली म्हणान."

"नाय," भाई म्हणाले.

पांडूनं मान हलवली आणि जाऊन दोराला हात घातला. जाळं हळूहळू वर येत होतं. ते पुरं वर आलं, बायका टोपल्या घेऊन धावल्या, लिलावाची ओरड झाली, माणसं पांगली. पांडूही आपला वाटा घेऊन घराच्या वाटेला लागला, आमच्या अगदी जवळून गेला. भाई चपला हातात धरून पाण्याकडे तोंड करून उभे होते. मी दोनदा म्हटलं, भाई, चला आता, ऊन चढलंय. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.